सोमवारची पाळी

भाची : मामा, तू विचारतोस म्हणून सांगते. यंदा लेबर डेला मी कोणालाही बोलावणार नाही. गेली सोळा वर्षं, मी मोकळी असेन तेव्हा, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी आमच्या मागच्या अंगणात पंचवीस-तीस माणसं जेवली. मिशिगनचा उन्हाळा तोवर उतरणीला लागलेला असतो. पोहायचे तलाव त्या दिवसानंतर बंद होतात, संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. सगळे म्हणतात, थंडी यायच्या आधी एकदा भेटून घेऊ. भेटण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या दिवसाचं नाव काय आणि आपण करतो काय? दिवस कामगारांचा, आणि त्या दिवशी गाद्या नि फ्रिज स्वस्त मिळतात. आमच्याकडे आलेल्या तीस जणांत एकाच्याही तोंडून कधी ‘कामगार’ हा शब्द निघालेला मला आठवत नाही. तू गिरणीत काम केलंस, संपात होतास. तुला हे खटकत नाही?

मामा : नाही खटकत. तुला वाटत असेल की संपातला माणूस आहे, त्याला झेंडे नि भाषणं हवी असतील. पण सुट्टी म्हणजे काय ते मी लहानपणी आमच्या बाबांकडून शिकलो, तुझ्या आजोबांकडून. ते लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. एका खोलीत बावीस माणसं. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला येऊन पडायचा. आम्ही सगळे गावी, राजापूरकडे. बाबा यायचे गणपतीला आणि शिमग्याला, जमलंच तर मे महिन्यात चार दिवस. मी दहा वर्षांचा होईपर्यंत त्यांना एकूण किती दिवस बघितलं, याचा मी एकदा हिशेब मांडला होता. एक वर्षसुद्धा भरलं नाही.

ते आले की पहिले दोन-तीन दिवस ओरडल्यासारखे बोलायचे. साच्यांच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यांना हळू बोलता यायचंच नाही. आई म्हणायची, अहो, जरा हळू, इथं साचे नाहीत. मग हळूहळू आवाज खाली यायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी ते आमच्याशी माणसासारखे बोलायला लागायचे, तोवर गौरी जायची वेळ झालेली असायची. गणपती पोचवून रिकाम्या पाटावर नदीतली वाळू घेऊन घरी यायचो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने बाबा जायचे.

तेव्हा घरच्या सगळ्यांबरोबर जेवायला मिळालेला एक सोमवार, यात मला कामगाराचा अपमान दिसत नाही. आमच्या बाबांना जे मागायचं होतं ते हेच होतं. त्यांना मागता आलं नाही एवढंच.

भाची : हे मला कळतं. पण आजोबांची सुट्टी त्यांच्या कष्टाला लागून होती. शिवाय हा दिवस या देशात आला कसा, तेही बघ ना. मे 1886 मध्ये आठ तासांच्या मागणीसाठी शिकागोत संप झाला. हेमार्केट चौकात बॉम्ब पडला, गोळीबार झाला, पुढे चार जणांना फाशी दिली. त्या आठवणीत 1890 पासून जगभर एक मे पाळू लागले. आपल्याकडे तर त्याच तारखेला महाराष्ट्र दिनही येतो. शाळेत असताना तू मला हुतात्मा चौकात न्यायचास, तिथं फुलं वाहायची रांग असायची, आणि परत येताना तू मला कामगार दिनाचं सांगायचास. आणि जिथं हे सगळं घडलं तो देशच एक मे पाळत नाही. इथं 28 जून 1894 ला राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी सप्टेंबरच्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली. तेव्हा पुलमनच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यातला संप पेटला होता. कंपनीने पगार कापले होते, पण कामगार कंपनीच्याच ज्या घरांत राहत होते त्यांचं भाडं एका पैशानेही उतरवलं नव्हतं. सही होऊन आठवडा झाला नाही तोच याच क्लीव्हलंड यांनी शिकागोत सैन्य उतरवलं. संपाचे पुढारी युजीन डेब्स तुरुंगात गेले. अशा सुट्टीच्या नावाने मी अंगणात कणसं भाजायची?

मामा : तुझ्या लेकानेच मला गेल्या वर्षी हा इतिहास वाचून दाखवला होता. त्यात एक तारीख याच्याही आधीची आहे. 5 सप्टेंबर 1882, मंगळवार. शिकागोच्या चार वर्षं आधी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल लेबर युनियनने मिरवणूक काढली. दहा हजारांच्या आसपास माणसं सिटी हॉलपासून निघून युनियन स्क्वेअरवरून गेली. त्या दिवशी सुट्टी नव्हती गो. ज्याने त्याने आपापला एका दिवसाचा पगार सोडला होता. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले, अशा अर्थाचे फलक हातात होते. आणि मिरवणूक संपल्यावर काय केलं? एल्म पार्क नावाच्या जागी गेले, बायकापोरं तिथं आलेली होती, बँड होता, भाषणं झाली, खाणंपिणं झालं.

म्हणजे कुटुंबाची सहल ही मागाहून शिरलेली भेसळ नव्हे. पहिल्या दिवसापासून तीच ठरलेली होती. सकाळी रस्त्यावर आणि दुपारी घरच्यांबरोबर. 1887 मध्ये ओरेगॉन राज्याने ही सुट्टी कायद्याने दिली, मग इतर राज्यांनीही दिली. क्लीव्हलंडची सही आली तोवर लोक ही सुट्टी घेतच होते. क्लीव्हलंडच्या मनात एक मे टाळायचं असेलही, मी नाही म्हणत नाही. पण घेणाऱ्यांनी आधी घेतली आणि सरकारने मागून शिक्का मारला. शिक्का मारणाऱ्याचे हात कसे होते यावरून घेणाऱ्यांचा दिवस का टाकायचा?

भाची : बरं, 1882 चंच घेऊ. तूच म्हणालास, त्यांनी पगार सोडला. माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. त्या दिवसासाठी त्यांनी काहीतरी मोजलं. आम्ही काय मोजतो? ज्यांना आजही मोजावं लागतं ते आमच्या अंगणात नसतातच. या देशात खासगी मालकाने सुट्टीचा पगार द्यायलाच हवा असा केंद्राचा कायदा नाही. ऑफिसात बसणाऱ्याला सोमवारचे पैसे मिळतात. दुकानात, हॉटेलात, गोदामात तासावर काम करणाऱ्याला कामावर जावं लागतं, नाहीतर घरी बसून पैसे बुडवावे लागतात. त्या दिवशी बर्फ संपला म्हणून मी दुकानात धावले, तेव्हा गल्ल्यावर कोण होतं? एक साठीची बाई. मी तिला ‘हॅपी लेबर डे’ म्हटलं. ती हसली. मला घरी येईपर्यंत लाज वाटत होती.

आणि मुलांची उन्हाळी सुट्टीसुद्धा या दिवसाला बांधलेली आहे, तीही कशासाठी बघ. मिशिगनमध्ये 2005 चा कायदा आहे की शाळा लेबर डेच्या आधी उघडायच्या नाहीत. मुलांनी आईबापांबरोबर राहावं म्हणून नव्हे. सहलींचा धंदा शेवटच्या आठवड्यापर्यंत चालावा म्हणून. आता बऱ्याच शाळा परवानगी काढून आधीच उघडतात, ती गोष्ट वेगळी. कुटुंबाने एकत्र कधी असायचं हे तळ्याकाठच्या हॉटेलांच्या हिशेबाने ठरतं.

आमच्या लॅबचंही तेच. हॉस्पिटल बंद होत नाही, लॅब बंद होत नाही. हल्ली एक वर्ष मी, एक वर्ष दुसरी. यंदा माझी सुट्टी आहे, म्हणजे माझ्या जागी कोणीतरी आहे. तिला दोन लहान मुलं आहेत. दीडपट पगार मिळतो तिला, खरंय. पण मी इथं हसत वाढत असणार आणि ती तिथं रक्ताच्या नळ्या लावत असणार, आणि दिवसाचं नाव तिच्या कामाचं.

मामा : हे मात्र मला माहितीचं आहे. मी पहिली चार वर्षं बदलीवर होतो. बदली म्हणजे रोज पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणाचा खाडा झाला तर आत, नाहीतर आल्या पावली घरी. आम्हाला सुट्टी म्हटलं की पोटात गोळा यायचा. सणाला गिरणी बंद म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. कायम कामगार सुट्टीच्या गोष्टी करायचे आणि आम्ही मान खाली घालून विडी ओढायचो. तुझ्या गल्ल्यावरच्या बाईचं हसणं कसं असेल ते मला न बघता कळलं.

पुढचंही सांगतो, तुझ्या आईलाही हे नीट माहीत नाही. संपानंतर गिरणी सुटली. मी बरीच वर्षं इथंतिथं केलं आणि मग एका मॉलवर वॉचमन म्हणून लागलो. जिथं साचे होते तशाच एका जागेवर उभा राहिलेला मॉल. दिवाळीच्या पाडव्याला मी दारात उभा असायचो, बारा तास. लोक पोरांना घेऊन यायचे, नवे कपडे घातलेले. पण मला त्यांचा राग आला नाही कधी. एकदा एका लहान मुलीने आपल्या हातातला लाडू अर्धा करून मला दिला. तिच्या आईने तिला ओढून नेलं, पण तो मी खाल्ला. तेव्हा मला वाटायचं, यांनी सण करू नये असं मला नको आहे. मला घरी जायचं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोरी. तू अंगणातलं जेवण रद्द केलंस तर तुझ्या जागेवरच्या बाईला सुट्टी मिळणार आहे का? एक अंगण कमी होईल, बस.

भाची : रद्द करून तिला काही मिळणार नाही, मान्य. पण मग जेवणाला त्या दिवसाचं नाव देऊ नये. आणि तू घरी जायचं म्हणालास ना? घरी काय असतं तेही बोलू. तुम्ही पुरुष घर म्हणता तेव्हा तिथं कोणीतरी आधीच उभं असतं. या जेवणाला म्हणतात ‘पॉटलक’, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचा. प्रत्यक्षात काय होतं? शुक्रवारी रात्री पनीर मुरवायचं, शनिवारी कोथिंबिरीच्या वड्या उकडून ठेवायच्या, कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोण उपासाचं खाणार, कोण अंडंही खात नाही, हे सगळं माझ्या डोक्यात. मंडळातून खुर्च्या आणायच्या, परत करायच्या. नवरा कणसं भाजतो आणि सगळे त्याला वाहवा देतात, कारण ते अंगणात, सगळ्यांसमोर असतं. आणि 2016 ला नि 2019 ला तर गणेश चतुर्थी आणि लेबर डे एकाच सोमवारी आले. सगळे म्हणाले, काय योग आहे, गणपतीला हक्काची सुट्टी! त्या दोन्ही वर्षी मी पहाटे चारला मोदकांची उकड काढत होते आणि संध्याकाळी कागदी थाळ्या पिशवीत भरत होते. मंगळवारी लॅबमध्ये गेले तेव्हा एकीने विचारलं, सुट्टी कशी गेली? मला उत्तर सुचलं नाही.

इथून तासाभरावर फ्लिंट आहे. 1936 च्या डिसेंबरअखेर जनरल मोटर्सचे कामगार तिथं कारखान्याच्या आत बसून राहिले, चव्वेचाळीस दिवस, आणि युनियनला मान्यता घेऊनच उठले. त्याचा अभिमान या भागात अजून आहे. त्या चव्वेचाळीस दिवसांत आतल्या माणसांचं जेवण बाहेर बायकांनी शिजवलं आणि खिडक्यांतून आत दिलं. त्यातल्या काही जणी लाठ्या घेऊन पोलिसांसमोरही उभ्या राहिल्या. पण रोजच्या रोज लागलं ते जेवणच. विश्रांतीच्या हक्कासाठी लढायलाही कोणालातरी चुलीपुढे उभं राहावं लागलं.

*

इथे मध्येच दोन ओळी माझ्या, हे लिहिणाऱ्याच्या. हे बोलणं ज्या स्वयंपाकघरात चाललं होतं तिथं मी होतो, आणि माझं मन सुरुवातीपासून मामांच्या बाजूला होतं. चुलीचा मुद्दा निघाल्यावर माझ्या लक्षात आलं की इतका वेळ चहा भाचीच करत होती.

*

मामा : नारायण मेघाजी लोखंडे. नाव शाळेत कधी वाचलंस का? वाचलं नसशील. जोतिबांच्या सत्यशोधक समाजातला माणूस, मुंबईत ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवायचे. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्या गोळा केल्या. मागण्या काय, तर आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला द्या, काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्य मावळला की थांबवा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून रविवारच हवा असं त्यांनी म्हटलं, असं सांगतात. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज जो रविवार सगळ्यांना आकाशातून पडल्यासारखा वाटतो, तो मुंबईच्या गिरणी कामगाराला असा मिळाला.

हे मी तुला ऐकवणार होतो ते माझ्या बाजूने ऐकवणार होतो. की बघ, विश्रांती ही मागून, भांडून मिळालेली वस्तू आहे, ती वापरावी, मिरवावी, तिच्यात हसावं. पण तू चुलीचं बोललीस आणि मला आमची खोली आठवली. आईला आणि आम्हा भावंडांना बाबांनी नंतर मुंबईत आणलं ना, तेव्हाची. रविवार म्हणजे मटण. मटण म्हणजे पाटा-वरवंटा, सकाळी आठपासून. आम्ही गॅलरीत पत्ते खेळत बसायचो नि वासावरून अंदाज बांधायचो. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आमच्या खोलीपर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला. आईच्या वाट्याला तो शनिवारपेक्षा जड आला. त्या सभेत बोललेल्या दोन बायका घरी गेल्यावर त्यांनी काय केलं असेल, हा विचार माझ्या मनात आज पहिल्यांदा आला. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतो आहे.

म्हणून वाढायचं, भांडी घासायची, खुर्च्या आणायच्या, हे यंदा मी आणि तुझा नवरा करू. पण एवढ्यावर तुझं उत्तर होत नाही, मला कळतं.

भाची : होत नाही. कारण खरं सांगू का, काम माझ्या अंगवळणी पडलं आहे. कामाला मी भीत नाही.

तुला तो मॅकिनॉचा पूल आठवतो? आपण तुझ्या पहिल्या खेपेला बघायला गेलो होतो. लेबर डेच्या सकाळी तो गाड्यांना बंद करतात आणि लोक चालत पार करतात. पाच मैल. राज्याचा गव्हर्नर पुढे असतो. 1958 पासून ही प्रथा आहे, पुढच्याच वर्षापासून ती लेबर डेला आली. मुलगा सात वर्षांचा होता तेव्हा आम्ही तिघं चाललो. पुलाच्या मधल्या पट्ट्यांना लोखंडी जाळी आहे, तिच्यातून खाली सरळ पाणी दिसतं. तो तिथं पालथा पडला, डोळा जाळीला लावला आणि उठेचना. मागून माणसं येताहेत, मी ओढते आहे, तो म्हणतो, थांब, अजून एक लाट. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा दिवस आपला आहे. या देशात आपला असा एक दिवस आहे, कोणी आणून दिलेला नाही, इथेच मिळालेला.

खूप नंतर मी वाचलं की तो पूल बांधताना पाच कामगार मेले. कामगारांच्या दिवशी आम्ही हजारोंनी त्यांच्यावरून चाललो आणि आमच्यातल्या कोणालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून माझा तो दिवस थोडा सैल झाला. आणि आता मुलगाही गेला. दहा दिवस झाले त्याला हॉस्टेलवर सोडून. सोमवारी तो येणार नाही, त्याच्या मित्रांचं काहीतरी ठरलं आहे. मग मी हा सगळा खटाटोप कोणासाठी करायचा? दिवसाचा अर्थ कामगारांचा म्हणावा तर तो आम्ही पाळत नाही. कुटुंबाचा म्हणावा तर कुटुंब पांगलं. उरतं काय? उन्हाळा संपला, एवढं.

मामा : उन्हाळा संपला हे ‘एवढं’ नाही.

संपाचं पहिलं वर्ष तुला सांगतो. 18 जानेवारी 1982 ला आम्ही बाहेर पडलो. पुढारी डॉक्टर सामंत होते, अडीच लाख माणसं. सुरुवातीचे दोन महिने घरात सणासारखे गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी रोज घरी जेवत होतो. पोरीची वेणी घालायला शिकलो. दुपारी झोपायला लागलो. आई म्हणाली, बघ, देवाने दिली सुट्टी. मग एप्रिल गेला, मे गेला. गावी गेलो, परत आलो. गणपती आले, गेले. मला दुपारची झोप लागेनाशी झाली. भोंगा वाजायचा थांबला होता आणि तरी मी पावणेसातला उठून बसायचो. पोरगी वेणी घालायला यायची तर मी तिच्यावर खेकसायचो. घर तेच, माणसं तीच, रोज समोर. पण त्याला सुट्टी म्हणवेना. तो संप कोणी मागे घेतल्याचं कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे आमची ती सुट्टी कागदावर अजून संपलेलीच नाही.

तेव्हा मला बाबांचे गणपतीचे दिवस कळले. ते गोड होते कारण पुढे एसटी उभी होती. शेवट माहीत असलेली माणसं एकमेकांकडे वेगळी बघतात. तुझ्या अंगणातली माणसं एकत्र येतात ती उन्हाळा आहे म्हणून नाही, तो जातो आहे म्हणून येतात. मुलगा गेला म्हणून तुझं जेवण खोटं ठरत नाही. आमच्याकडे तर माणूस जायचा म्हणूनच सगळं करायचो.

भाची : मामा, तू दर वेळी मला घरात आणून सोडतोस आणि तिथं मला बरं वाटतं. म्हणूनच मला भीती वाटते. कामगार चळवळीला जे हवं होतं ते मिळालं की माणूस ते विसरतो, असं तुझ्याच बोलण्यातून निघतं. लोखंड्यांचा रविवार आपल्याला आकाशातून पडल्यासारखा वाटतो, म्हणालास. म्हणजे तो पुरता मिळाला. आता आमच्या लॅबमध्ये नव्याने लागणाऱ्या मुलांना हंगामी म्हणून घेतात, सुट्टीचा पगार नाही, रजा नाही. त्यातल्या कोणाला ते वावगं वाटत नाही. जुने लोक मजेत आहेत, आपापल्या अंगणात. विसरायला मिळावं म्हणून भांडायचं, आणि विसरलं की ते हातातून जायला लागतं. मग जेवायला बसताना आठवण कोणी करून द्यायची? घासाघासाला इतिहास सांगितला तर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही. नाही सांगितला तर तो फक्त स्वस्त गाद्यांचा दिवस.

मामा : याचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही आठवण ठेवली होती, कवायतीसारखी ठेवली होती, तरी गिरण्या गेल्याच. तेव्हा आठवणीने सगळं टिकतं असंही मी तुला छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि विसरून चालतं असं सांगायला जीभ रेटत नाही.

तुझ्या जागी येणारी ती बाई किती वाजता सुटते?

भाची : दिवसपाळी साडेतीनला सुटते.

मामा : मग जेवण दुपारी एकला का ठेवता?

भाची : सोळा वर्षं एकलाच ठेवलं आहे. सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं, लवकर आटपलेलं बरं पडतं. आणि तिला मी काय म्हणून बोलावू? माझ्या जागी राबलीस, आता ये जेवायला? तिला ते दयेसारखं वाटेल. पाच-सहा माणसंही तिच्या ओळखीची नाहीत. तिची मुलं दमलेली असणार, ती दमलेली असणार.

मामा : वाटेल कदाचित. विचारल्याशिवाय तुला कळणार नाही. आमच्या बाबांना लालबागला कोणी विचारलं नाही, एवढं मला माहीत आहे. साडेचारला ठेव जेवण. तिला मुलांना घेऊन ये म्हण. नाही म्हणाली तर नाही. पुढच्या वर्षी तू तिच्या जागी असशील, तेव्हा तीही तुला विचारेल किंवा नाही विचारणार.

भाची : आणि संध्याकाळच्या पाळीवाले? ते साडेतीनला आत जातात.

मामा : त्यांना दुपारी येऊन जाता येईल.

भाची : म्हणजे दुपारपासून रात्रीपर्यंत पंगत.

मामा : आमच्या खानावळीत तशीच असायची. पाळी सुटेल तसा माणूस येऊन बसायचा.

भाची : आणि रात्रपाळीवाले?

मामा : रात्रपाळी कितीला लागते?

भाची : अकराला.